लॅबमधल्या बावीस संगणकांवर एकाच फोल्डरमधून लिब्रेऑफिस कसं बसवायचं

परभणी, सेलू, मानवत, जिंतूर या पट्ट्यातल्या शाळा-कॉलेजांच्या संगणक लॅब लावून देण्याचं आणि बिघडल्या की दुरुस्त करण्याचं काम मी बरीच वर्षं करतोय. लॅबची जबाबदारी नव्याने अंगावर पडलेल्या शिक्षकांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "सर, सगळ्या मशीनवर ऑफिस टाकायचंय, एक पेनड्राइव्ह पुरेल ना?" पुरेल. पण तो बावीस वेळा लावायचा आणि बावीस वेळा काढायचा. एका मशीनमध्ये शॉर्टकट व्हायरस निघाला की संध्याकाळपर्यंत तो सगळ्या मशीनमध्ये पोचलेला असतो. त्यापेक्षा एका संगणकावर फोल्डर तयार करा, तो नेटवर्कवर शेअर करा आणि बाकीच्या संगणकांना तिथूनच सॉफ्टवेअर घेऊ द्या. पहिल्या वेळी अर्धा दिवस तयारीत जातो. प्रत्यक्ष बसवणं मग दोन तासांत उरकतं.

मी इथे लिब्रेऑफिस धरून सांगतो. ते फुकट आहे, कितीही संगणकांवर बसवलं तरी परवान्याचा प्रश्न येत नाही, आणि बोनाफाईड, निर्गम उतारा, हजेरीचे तक्ते, मुलांचे प्रकल्प या सगळ्याला पुरून उरतं. विकत घेतलेलं मायक्रोसॉफ्ट ऑफिस असेल तर काय वेगळं करायचं तेही शेवटाकडे सांगेन. या कामात अडतं ते जवळजवळ नेहमी परवानग्या, नावं आणि केबल यांच्यापाशी. सॉफ्टवेअर बिचारं क्वचितच त्रास देतं. म्हणून तयारीचा भाग लांबवलाय, तो घाईत ओलांडू नका.

आदेश मी इथे उच्चारल्यासारखे देवनागरीत लिहिलेत. टाइप करताना अक्षरं आणि आकडे इंग्रजीच वापरायचे.

आधी एक कागद घ्या

संगणकाला हात लावण्याआधी एका फुलस्केपवर तक्ता आखा. संगणकाचा क्रमांक, नेटवर्कवरचं नाव, विंडोजची आवृत्ती, जुनं ऑफिस आहे का, आणि शेवटी "झालं" असा रिकामा रकाना. प्रत्येक मशीनवर विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, "विनव्हर" टाइप करून एंटर करा. आवृत्ती दिसेल, ती लिहून घ्या.

हे आधी का, तर आपल्याकडच्या लॅब एका वेळी भरलेल्या नसतात. दहा मशीन एका योजनेतून आलेल्या, सहा देणगीतून, चार जुन्या ऑफिसातून उतरवलेल्या. मग विंडोज ७, १० आणि ११ एकाच खोलीत शेजारी शेजारी बसतात. लिब्रेऑफिसची २५.८ आणि त्यापुढची आवृत्ती विंडोज ७ वर आणि ८ वर चालत नाही. तिथे २५.२ पर्यंतचीच घ्यावी लागते. ३२ बिटचं विंडोज असेल तर फाइलही ३२ बिटची लागते. हे मशीनपुढे बसल्यावर कळलं तर चालू काम तिथेच थांबतं. विंडोज १० चं नेहमीचं सुरक्षा-पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं आहे. अशा मशीनवर लिब्रेऑफिस चालतं, पण त्या मशीन कागदावर वेगळ्या खुणेने दाखवा. मुख्याध्यापकांकडे नव्या संगणकांची मागणी करायची वेळ येईल तेव्हा हा कागद उपयोगी पडतो.

नावंही इथेच तपासा. दुकानदाराने एक हार्डडिस्क तयार करून तीच सगळ्या मशीनवर उतरवलेली असते, त्यामुळे तीन-चार मशीनचं नाव अगदी एकच निघतं. मग नेटवर्कवर कोण कुठला हे विंडोजलाही समजत नाही. प्रत्येकाला वेगळं, छोटं नाव द्या. लॅब-०१, लॅब-०२ असं चालेल. नाव इंग्रजी अक्षरांत असावं, मधे मोकळी जागा नको. तेच नाव कापडी चिकटपट्टीवर लिहून सीपीयूवर डकवा. साधी सेलोटेप आमच्याकडच्या मे महिन्यात गळून पडते.

फोल्डर कुठल्या संगणकावर ठेवायचा

सर्व्हर नावाची वेगळी पेटी लागत नाही. लॅबमधला त्यातल्या त्यात चांगला संगणक निवडा, शक्यतो शिक्षकांच्या टेबलावरचा, आणि ज्याला यूपीएस आहे तोच. तो वायफायवर नको, स्विचला, म्हणजे लॅबच्या सगळ्या केबल जिथे येतात त्या पेटीला, केबलने जोडलेला हवा. पॉवर सेटिंगमध्ये "स्लीप" पूर्ण बंद करा, नाहीतर तुम्ही नवव्या मशीनवर असताना हा झोपी जाईल.

या संगणकाचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक, बदलता कामा नये. राउटरमध्ये त्याच्यासाठी पत्ता राखून ठेवता येतो, तसं करा. मी साधारणपणे १९२.१६८.१.१० ठेवतो. तुमच्या राउटरची मालिका वेगळी असेल तर त्यातला एखादा घ्या.

एक मर्यादा लक्षात असू द्या. साधं विंडोज १० किंवा ११ एका वेळी जास्तीत जास्त २० संगणकांना फोल्डर वापरू देतं. एकविसावा दारातच थांबतो. तुमची लॅब मोठी असली तरी हरकत नाही, टप्प्याटप्प्याने करायचं आहे.

फाइल आणणं

लिब्रेऑफिस २०१० साली ओपनऑफिसपासून वेगळं झालं. द डॉक्युमेंट फाउंडेशन ही संस्था ते सांभाळते. फाइल त्यांच्याच संकेतस्थळावरून घ्या, लिब्रेऑफिस डॉट ओआरजी. गुगलवर शोधल्यावर वर येणाऱ्या जाहिरातीतून किंवा "फ्री डाउनलोड" वाल्या भलत्या पानावरून नको. विंडोजची फाइल एमएसआय प्रकारची असते, आकार साधारण ३५० एमबी. मदत पुस्तिकेची फाइल वेगळी मिळते. इंटरनेट रोज चालत नसेल तर तीही उतरवून ठेवा, मुलांना एफ१ दाबल्यावर काहीतरी दिसलं पाहिजे.

उतरलेली फाइल धड आहे का हे तपासायची सवय लावा. आपल्याकडे मधेच लाइट जाते, नेट तुटतं आणि अर्धवट फाइल पूर्ण असल्यासारखी दिसते. संकेतस्थळावर त्या फाइलचा एसएचए-२५६ आकडा दिलेला असतो. काळ्या खिडकीत, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये, "सी-ई-आर-टी-यू-टी-आय-एल", मग जागा, उणे चिन्ह आणि लगेच "हॅशफाइल", जागा, फाइलचं नाव, जागा आणि "एसएचए२५६" असं टाइप केलं की आकडा मिळतो. पहिली सहा आणि शेवटची सहा अक्षरं जुळली की मी पुढे जातो.

फाइलचं नाव बदलू नका, कितीही लांबलचक असलं तरी. विंडोजचा इन्स्टॉलर कुठल्या जागेवरून, कुठल्या नावाच्या फाइलमधून सॉफ्टवेअर बसवलं हे कायम लक्षात ठेवतो. पुढे कधी दुरुस्ती करायची झाली तर तो तीच फाइल त्याच जागी शोधतो. याच कारणासाठी काम झाल्यावर फोल्डर पुसूनही टाकायचा नाही.

शेअर करणं, आणि फक्त वाचण्यापुरतं

डी ड्राइव्हवर एक फोल्डर करा, नाव "सॉफ्टवेअर", इंग्रजी अक्षरांत. त्यात लिब्रेऑफिसचा उपफोल्डर, त्यात आवृत्तीच्या आकड्याचा उपफोल्डर आणि त्यात फाइल. पुढच्या वर्षी नवी आवृत्ती आली की शेजारी नवा उपफोल्डर होईल.

आता याच संगणकावर एक वेगळं स्थानिक खातं उघडा. मी त्याला "वाचक" म्हणतो. सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, अदर यूजर्स, तिथून मायक्रोसॉफ्टच्या खात्याशिवायचं साधं खातं. त्याला पासवर्ड द्यायचाच. पासवर्ड रिकामा असलेल्या खात्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. नवख्या माणसाचा एक अख्खा तास इथे जातो, कारण समोर फक्त "प्रवेश नाही" एवढंच दिसतं.

मग फोल्डरवर उजवी क्लिक करा. प्रॉपर्टीज, शेअरिंग, अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंग. "शेअर धिस फोल्डर" वर खूण करा. खालच्या परमिशन्समध्ये गेलात की यादीत "एव्हरीवन" दिसेल, ते काढून टाका. "वाचक" जोडा आणि त्याला फक्त "रीड" द्या. यानंतर प्रॉपर्टीजच्याच सिक्युरिटी टॅबमध्ये जाऊन तिथेही "वाचक" जोडा, "रीड अँड एक्झिक्यूट" द्या. ही दोन वेगवेगळी कुलुपं आहेत. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्ही उघडी लागतात, आणि दोन्हींपैकी जे जास्त कडक असेल ते लागू होतं. एकीकडे परवानगी देऊन दुसरीकडे विसरलात तर फोल्डर दिसतो पण उघडत नाही.

"एव्हरीवनला फुल कंट्रोल देऊन टाका, लगेच चालतं," असा सल्ला तुम्हाला दहा जण देतील. मीही सुरुवातीला एका कॉलेजात तसंच केलं होतं. चालू झालं, मी घरी आलो. आठवड्याने फोन आला की फोल्डरमधल्या सगळ्या फाइली गायब आहेत. एका मुलाच्या पेनड्राइव्हमधला व्हायरस मोकळ्या फोल्डरमध्ये शिरला होता. त्याने खऱ्या फाइली लपवून त्यांच्या जागी त्याच नावाचे शॉर्टकट ठेवले होते, आणि ज्या ज्या मशीनवरून कुणी ते उघडलं त्या मशीनही बाधित झाल्या होत्या. दोन दिवस साफसफाई करण्यात गेले, आणि त्या दोन दिवसांत मुलांची प्रात्यक्षिकं बुडाली. फोल्डर "फक्त वाचा" असता तर तो व्हायरस तिथे एक अक्षरही लिहू शकला नसता.

नेटवर्क अँड शेअरिंगच्या प्रगत सेटिंगमध्ये अजून तीन गोष्टी बघा. नेटवर्क "पब्लिक" असेल तर "प्रायव्हेट" करा. फाइल अँड प्रिंटर शेअरिंग चालू करा. पासवर्डने सुरक्षित शेअरिंग चालूच राहू द्या. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून बिनपासवर्डाच्या पाहुण्या प्रवेशाला विंडोजने बराच चाप लावलाय, त्यामुळे पासवर्ड बंद करायचा जुना उपाय तिथे उलटा अडचणीचा ठरतो. कुणी "एसएमबी १", म्हणजे फोल्डर शेअर करायची जुनी पद्धत, चालू करायला सांगितलं तर ऐकू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला तो त्याच जुन्या दाराने. विंडोज ७ ला त्याची गरजच नसते. एक्सपीवरचा संगणक असेल तर तो या कामातून वगळा.

एका मशीनवर आधी करून बघा

लॅब-०१ वर प्रशासकाच्या खात्याने लॉगिन करा. मुलांचं रोजचं खातं साधं असावं, त्याला सॉफ्टवेअर बसवायचा अधिकार नको. पण आजचा दिवस तुम्हाला प्रशासक व्हावं लागेल. मुलांच्या खात्यातून मधेच प्रशासकाचा पासवर्ड देऊन पुढे जायचा प्रयत्न केलात तर शेअरवरचा तुमचा प्रवेश त्या दुसऱ्या खात्याला मिळत नाही आणि "मार्ग सापडला नाही" असं उत्तर येतं.

विंडोज आणि आर दाबा. दोन उलट्या तिरक्या रेघा, त्यांना चिकटून १९२.१६८.१.१०, मग एक उलटी रेघ आणि "सॉफ्टवेअर". एंटर. नाव-पासवर्ड विचारेल तेव्हा आधी फोल्डरवाल्या संगणकाचं नाव, उलटी रेघ, मग "वाचक" असं लिहा. नुसतं "वाचक" लिहिलं तर कधी कधी विंडोज ते खातं याच मशीनवर शोधत बसतं. "रिमेंबर" वर खूण करा.

फोल्डर दिसला? आता एकदा मुद्दाम त्यात एखादा नवा फोल्डर बनवून बघा. बनला तर परवानगी चुकली आहे, परत मागे जा. "अधिकार नाही" म्हणाला तर बरोबर.

लिब्रेऑफिसच्या फाइलवर डबल क्लिक करून पहिल्या मशीनवर हाताने, एकेक पान वाचत बसवा. "टिपिकल" ऐवजी "कस्टम" घ्या आणि यूजर इंटरफेस लँग्वेजेसमध्ये इंग्रजीबरोबर मराठीही निवडा. लिब्रेऑफिसची पटलं, म्हणजे पडद्यावरचे मेनू आणि बटणं, मराठीत आहेत हे फार थोड्यांना ठाऊक असतं. अभ्यासक्रम आणि परीक्षा इंग्रजी पटलांवर होतात म्हणून कॉलेजात मी इंग्रजीच ठेवतो. पण जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवी-सहावीच्या लेकरांसमोर मराठी पटल उघडलं की ती न विचारता पुढे जातात, हे मी पाहिलंय. दोन्ही भाषा बसवल्या की टूल्स, ऑप्शन्समधून केव्हाही बदलता येतं.

मराठीची मांडणी

ही पायरी बरेच जण सोडतात आणि मग वर्षभर "मराठी नीट येत नाही" म्हणून लिब्रेऑफिसला दोष देतात.

टूल्स, ऑप्शन्स, मग भाषांच्या विभागात "कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट" अशी ओळ दिसेल. तिथे खूण करून मराठी निवडा. देवनागरी लिपी लिब्रेऑफिसच्या लेखी या गटात येते आणि तिचा फाँट इंग्रजीच्या फाँटपेक्षा वेगळा धरला जातो. मग रायटरच्या विभागात "बेसिक फाँट्स" नावाची दोन पानं असतात. त्यातल्या सीटीएल (कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटचंच छोटं रूप) लिहिलेल्या पानावर मराठीचा फाँट ठरवा. विंडोज १० आणि ११ मध्ये "निर्मला" हमखास असतो. "मंगल" जुन्या विंडोजमध्ये आपोआप यायचा, आता तो देवनागरीच्या पूरक फाँटच्या ऐच्छिक गटात गेलाय. जुन्या फाइली मंगलमध्ये असतील तर तो गट सेटिंग्जमधून जोडून घ्या, नाहीतर ओळी सरकतात. इंग्रजी कॅलिब्री आणि टाइम्स न्यू रोमनची चिंता नको, त्यांच्याच मापाचे कार्लिटो आणि लिबरेशन सेरिफ हे फाँट लिब्रेऑफिसबरोबर येतात.

आता एक खरा कागद टाइप करून छापा. मी मुक्तिसंग्राम दिनाची, १७ सप्टेंबरची, कार्यक्रमपत्रिका घेतो, कारण तिच्यात सगळं येतं: ध्वजारोहण, प्रमुख पाहुणे, आकडे, वेळ, तक्ता. शिवाय एक ओळ मुद्दाम लिहितो, "शेतकऱ्यांच्या कुऱ्हाडी वाऱ्यावर". अर्थ काही नाही, पण "ऱ्य" आणि "ऱ्ह" मधला तो कोयत्यासारखा अर्धा र छापल्यावर नीट आला तर बाकीची जोडाक्षरं येतातच. पडद्यावर बरोबर आणि कागदावर चूक असंही होतं, म्हणून छापूनच बघा.

जुन्या कारकुनांच्या फाइली श्रीलिपी, शिवाजी किंवा कृतिदेवात असतात. त्या युनिकोड, म्हणजे कुठल्याही मशीनवर सारख्याच वाचता येणाऱ्या अक्षरांत, नाहीत. मूळ फाँट मशीनवर नसेल तर त्या इंग्रजी अक्षरांचा खिचडा होऊन उघडतात, आणि यात लिब्रेऑफिसचा काही दोष नाही. ऑफिसच्या दोन मशीनवर ते फाँट राहू द्या. मुलांच्या मशीनवर टाकू नका. त्यांना पहिल्या दिवसापासून युनिकोडच शिकवा, इनस्क्रिप्ट किंवा विंडोजमधला मराठी फोनेटिक कीबोर्ड देऊन.

हे सगळं मनासारखं झालं की लिब्रेऑफिस बंद करा. तुम्ही केलेली मांडणी एका छोट्या फाइलमध्ये साठलेली असते. खात्याच्या अ‍ॅपडेटा, रोमिंग, लिब्रेऑफिस, ४, यूजर या वाटेने गेलात की "रजिस्ट्रीमॉडिफिकेशन्स" नावाची फाइल सापडेल. तिची प्रत फोल्डरवाल्या संगणकावर नेऊन ठेवा. बाकीच्या मशीनवर मुलांच्या खात्यात लिब्रेऑफिस एकदा उघडून बंद करा आणि त्याच जागी ही फाइल टाका. सगळ्या मांडण्या जशाच्या तशा येतात. नुकत्या उघडलेल्या फाइलींची यादीही हिच्यातच असते, म्हणून ऑफिसच्या कामाच्या मशीनवरून ती घेऊ नका, नव्या कोऱ्या मशीनवरूनच घ्या.

उरलेले एकवीस

आता एक बॅच फाइल, म्हणजे ओळीने चालवायच्या आदेशांची फाइल, लिहायची. नोटपॅड उघडा. पहिली ओळ: "पी-यू-एस-एच-डी", जागा, आणि दुहेरी अवतरणात टक्क्याचं चिन्ह, टिल्डची लहरी रेघ, डी, पी, शून्य. काळ्या खिडकीला नेटवर्कवरचा फोल्डर आपली जागा म्हणून चालत नाही. ती गुपचूप विंडोजच्या फोल्डरमध्ये जाऊन बसते आणि मग फाइल सापडत नाही. ही ओळ तिला हाताला धरून योग्य ठिकाणी आणते.

दुसरी ओळ: "एम-एस-आय-ई-एक्स-ई-सी", जागा, तिरकी रेघ आणि आय, जागा, अवतरणात एमएसआय फाइलचं पूर्ण नाव. नाव कॉपी करूनच चिकटवा. पुढे जागा सोडून तिरकी रेघ आणि क्यूबी, म्हणजे प्रश्न न विचारता फक्त प्रगतीची पट्टी दिसेल. पुन्हा जागा, तिरकी रेघ आणि "नोरिस्टार्ट". शेवटी जागा सोडून "यूआय", अंडरस्कोर, "एल-ए-एन-जी-एस", बरोबरचं चिन्ह आणि भाषांचे संकेत: लहान अक्षरांत "ईएन", अंडरस्कोर, मोठ्या अक्षरांत "यूएस", स्वल्पविराम, लहान अक्षरांत "एमआर". हा शेवटचा तुकडा विसरलात तर मराठी पटल बसेलच असं नाही. क्यूबीच्या जागी क्यूएन लिहिलं तर पडद्यावर काहीच दिसत नाही. नवख्याने क्यूबीच ठेवावं, काम चालू आहे की अडलंय हे डोळ्यांना दिसतं.

तिसरी ओळ "पॉज", म्हणजे खिडकी आपोआप बंद होणार नाही. फाइल "बॅट" या शेपटाने एमएसआयच्याच शेजारी साठवा.

प्रत्येक मशीनवर स्टार्टमध्ये "सीएमडी" शोधून उजव्या क्लिकने प्रशासक म्हणून उघडा. "नेट यूज", जागा, शेअरचा तो दोन रेघांचा मार्ग, जागा, तिरकी रेघ, "यूजर", विसर्गासारखी दोन टिंबं आणि लगेच संगणकाचं नाव, उलटी रेघ, वाचक. पासवर्ड विचारेल, टाइप करताना अक्षरं दिसणार नाहीत, घाबरू नका. मग बॅच फाइलचा पूर्ण मार्ग देऊन एंटर. झेड ड्राइव्ह वगैरे जोडून त्या अक्षराने जाऊ नका. साध्या खिडकीत जोडलेला ड्राइव्ह प्रशासकाच्या खिडकीला दिसत नाही.

एका वेळी पाच मशीन घ्या. १०० एमबीपीएसच्या स्विचवरून सेकंदाला दहा-अकरा मेगाबाइट येतात, म्हणजे एका मशीनला ३५० एमबी अर्ध्या मिनिटात, पाच मशीनना मिळून तीनेक मिनिटांत. सगळ्या एकदम सुरू केल्यात आणि मधेच लाइट गेली तर सगळीकडच्या अर्धवट बसवण्या निस्तरत बसाल. उन्हाळ्यात सकाळी लवकर काम सुरू करा.

अडलं की आधी आकडा वाचा. १६१८ म्हणजे त्या मशीनवर दुसरं काहीतरी बसतंय, बहुतेक विंडोज अपडेट, दहा मिनिटं थांबा. १६१९ म्हणजे फाइल उघडता आली नाही, नाव किंवा मार्ग चुकला. ३०१० ही चूक नाही, फक्त मशीन पुन्हा सुरू करा. १६०३ हा सगळ्यात मोघम. मी आधी सी ड्राइव्हवरची जागा बघतो, मग जुनं ऑफिस अर्धवट काढलेलं आहे का ते बघतो. लाइट जाऊन काम तुटलं असेल तर तीच फाइल पुन्हा चालवा, मागचं अपूर्ण काम मागे घ्यायचं का असं विचारलं तर हो म्हणा.

आणि ०x८००७००३५. नेटवर्कचा मार्गच सापडला नाही. यासाठी आधी फोल्डरवाल्या संगणकाला पिंग करा, म्हणजे काळ्या खिडकीत "पिंग", जागा आणि त्याचा आयपी पत्ता टाइप करा. उत्तर आलं पण फोल्डर नाही, तर फायरवॉल, ४४५ क्रमांकाचं पोर्ट. उत्तरच नाही, तर खाली वाका आणि केबल बघा. मागे एका शाळेत लॅब-१४ ने मला असंच अडवलं होतं. मी फायरवॉल, खातं, नाव सगळं तपासून थकलो. मग टेबलाखाली गेलो. केबलच्या जॅकची प्लास्टिकची जीभ तुटलेली होती आणि वहीच्या पानाची चौपदरी घडी खोबणीत सारून तो घट्ट बसवलेला होता. शेजारचा हिरवा दिवा विझलेला. शाळेचे शिपाई मामा झाडू घेऊन दारात उभे होते. म्हणाले, "सर, झाडताना ती वायर निघायची, लेकरांचं नेट जायचं, म्हणून मीच कागद घातला." त्यांनी काळजीपोटीच केलं होतं. नवा जॅक ठोकला, दिवा लागला, लॅब-१४ पाच मिनिटांत तयार. तेव्हापासून खिशात दहा जॅक आणि पिशवीत क्रिम्पिंगची पक्कड असतेच.

मायक्रोसॉफ्ट ऑफिस असेल तर

पद्धत तीच, साधन वेगळं. ऑफिस डिप्लॉयमेंट टूल मायक्रोसॉफ्टकडून फुकट मिळतं. त्यात एक सेटअप फाइल असते आणि एक्सएमएल प्रकारची सूचनांची फाइल आपण तयार करतो. कुठली आवृत्ती, ३२ की ६४ बिट, कुठल्या भाषा आणि फोल्डरचा मार्ग कुठला, हे त्यात लिहायचं. मग फोल्डरवाल्या संगणकावर सेटअप "डाउनलोड" या पर्यायाने चालवून सगळं शेअरमध्ये एकदाच उतरवा. त्या संगणकावर बसून तुम्ही फोल्डरमध्ये लिहू शकता, नेटवर्कवरून येणारा "वाचक" लिहू शकत नाही, हे तसंच राहू द्या. बाकीच्या मशीनवर तीच सेटअप फाइल "कॉन्फिगर" या पर्यायाने चालवा. मशीनबरोबर आलेलं चाचणीचं ऑफिस आधी काढून टाका. ३२ आणि ६४ बिटची ऑफिसं एका मशीनवर एकत्र नांदत नाहीत.

ऑफिस २०१६ आणि २०१९ चं पाठबळही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलंय, म्हणून कुणी स्वस्तात देतो म्हटलं तरी ती आता नव्याने घेऊ नका. क्रॅक केलेलं ऑफिस शेअरवर ठेवू नका, कुणी कितीही गळ घातली तरी. ते चालवण्यासाठी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, आणि तुमच्या त्याच नेटवर्कवर ऑफिसच्या मशीनमध्ये मुलांच्या शिष्यवृत्तीच्या याद्या, आधार क्रमांक आणि बँकेचे तपशील असतात.

झाल्यावर

प्रत्येक मशीनवर मुलांच्या खात्याने लॉगिन करून रायटर एकदा उघडा, तीच शेतकऱ्यांची ओळ टाइप करा, मगच कागदावर "झालं" लिहा. प्रशासकाच्या खात्यात चालतंय म्हणून मुलांच्या खात्यात चालेलच असं धरू नका. दुसऱ्यांकडे फाइली पाठवायच्या असतील तर ऑप्शन्समधल्या लोड-सेव्ह विभागात नेहमी डॉक्समध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्ट वर्डच्या फाइल प्रकारात, साठवायची सोय आहे. ऑफिसच्या मशीनवर ती चालू करा, मुलांच्या मशीनवर लिब्रेऑफिसचा स्वतःचा ओडीटी प्रकार राहू द्या.

"वाचक"चा पासवर्ड बदला, कारण आज तो बावीस ठिकाणी टाइप झालाय आणि मागे उभं राहून कुणीतरी पाहिलेला असणारच. नवा पासवर्ड भिंतीवर लावू नका. तक्त्याचा कागद मात्र तारीख घालून लॅबच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवा, सोबत फोल्डरचा मार्ग आणि बॅच फाइलचं नाव लिहा. पुढच्या मेमध्ये नवी आवृत्ती आली की नवा उपफोल्डर, बॅच फाइलमध्ये नवं नाव आणि पुन्हा आधी फक्त लॅब-०१.